एज ऑफ एम्पायर्स २ आता ऑनलाइन सुरू करायचाय? पहिल्या दहा मॅच कशा काढायच्या ते सांगतो

ज्यांनी नेटकॅफेत तासाचे पैसे भरून किंवा हॉस्टेलच्या लॅनवर रात्र रात्र जागून एज ऑफ एम्पायर्स २ (गाव वसवून, सैन्य उभारून समोरच्याशी लढायचा कॉम्प्युटर गेम) खेळलाय त्यांच्यापैकी कोणालाही विचारा की आता ऑनलाइन का खेळत नाहीस, उत्तर ठरलेलं असतं. "अरे तिथे सगळे वीस वीस वर्षं खेळणारे बसलेत, पाच मिनिटांत आपला बाजार उठवतील." आणि ज्यांनी कधीच खेळला नाही, म्हणजे आत्ता कॉलेजात असलेली पोरं, त्यांना वाटतं की १९९९ चा गेम आहे, तिथे आता कोण असणार.

दोन्ही चुकीचं आहे. मॅच शोधायला बसलं की समोर कोणीतरी मिळतंच, आणि वीस वर्षं खेळणारे आहेत ते खरं असलं तरी तुमची गाठ त्यांच्याशी पडणार नाही, कारण रेटिंगची (म्हणजे हार-जितीवरून ठरणाऱ्या आकड्याची) पद्धत तुम्हाला तुमच्यासारख्याच माणसासमोर नेऊन बसवते. फक्त तिथपर्यंत पोचायला आधी काही मॅच हरायला लागतात आणि नेमकं तिथेच लोक सोडून जातात. तीन मॅच हरले, गेम अनइन्स्टॉल. मी माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना असं जाताना बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटलं, कारण अजून पाच-सहा मॅच थांबले असते तर पुढचं सगळं त्यांना मिळालं असतं. म्हणून हे लिहितोय.

आधी कोणता गेम घ्यायचा

यात गोंधळ होतो म्हणून स्पष्ट सांगतो. मूळ गेम १९९९ चा, एन्सेंबल स्टुडिओजचा. २००० मध्ये त्याचा जादा भाग कॉन्करर्स आला, आपण नेटकॅफेत बहुतेक तोच खेळायचो. २०१३ मध्ये एचडी एडिशन आलं. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं डेफिनिटिव्ह एडिशन. तुम्हाला हे शेवटचंच घ्यायचंय. जुनी सीडी, कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली कॉपी, यावर आजच्या लोकांबरोबर खेळता येत नाही. स्टीमवर मिळतं, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मिळतं, पीसी गेम पास असेल तर त्यातही आहे, आणि कुठूनही घेतलं तरी सगळे एकमेकांबरोबर खेळू शकतात. स्टीमवर सेल लागतात तेव्हा किंमत बरीच उतरते, घाई नसेल तर विशलिस्टला टाकून ठेवा.

एक्सपान्शनचे (म्हणजे जादा भागांचे) पॅक खूप आहेत, सुरुवातीला एकही घेऊ नका, नुसत्या मूळ गेममध्येच तीसच्या वर सिव्हिलायझेशन्स (थोडक्यात सिव्ह, म्हणजे आपण ज्यांच्या बाजूने खेळतो ते लोक) आहेत. पुढे मन रमलं तर २०२२ चा डायनॅस्टीज ऑफ इंडिया बघा, त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा तीन नव्या सिव्ह आल्या आणि राजेंद्र चोळाची कॅम्पेन (एकट्याने खेळायची मोहीम) आहे, ती खेळताना मला फार भारी वाटलं होतं.

लॅपटॉप साधा असला तरी चालतो, पण एक गोष्ट समजून घ्या. या गेममध्ये प्रत्येकाच्या मशीनवर अख्खी लढाई वेगवेगळी चालते आणि नेटवरून फक्त कोणी काय हुकूम दिला तेवढंच जातं, त्यामुळे सगळ्यांची मशीन्स एकाच तालात चालावी लागतात. एकाचा लॅपटॉप धापा टाकायला लागला की आठही जणांचा गेम हळू होतो आणि मग चॅटमध्ये बोलणी बसतात. तेव्हा ग्राफिक्स खाली आणा, तो वेगळा फोर-केचा ग्राफिक्स पॅक टाकूच नका, आणि ऑप्शन्समध्ये बेंचमार्क टेस्ट आहे ती एकदा चालवून बघा. आणि हो, राउटर इन्व्हर्टरवर लावा. रँक्ड मॅच (जिच्यावर रेटिंग ठरतं ती) चालू असताना लाइट गेली तर परत आत शिरता येत नाही, मॅच गेली ती गेलीच. आमच्याकडे पावसाळ्यात हे इतक्यांदा झालंय की आता ढग गडगडले की आम्ही रँक्ड लावतच नाही.

पहिला आठवडा एकट्याने

मेन मेन्यूत आर्ट ऑफ वॉर म्हणून धडे आहेत. प्रत्येकात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड मेडल मिळतं. त्यातला अर्ली इकॉनॉमीचा धडा ब्राँझ मिळेपर्यंत करा, गोल्डच्या मागे लागू नका. मग कॉम्प्युटरबरोबर खेळा आणि मॉडरेट लेव्हल हरवता आली की पुरे, तिथून थेट ऑनलाइन या. बरेच जण म्हणतात आधी सगळ्यात कठीण लेव्हल, एक्स्ट्रीम, हरवतो आणि मग येतो. माझ्या मते ही चूक आहे. कॉम्प्युटर एका ठराविक पद्धतीने खेळतो, त्याला हरवायच्या युक्त्या शिकण्यात महिने जातात आणि माणसासमोर त्यातल्या निम्म्या चालत नाहीत.

कीबोर्डच्या तीनच गोष्टी आत्ता पाठ करा. एच दाबलं की टाउन सेंटर (गावाची मुख्य इमारत) सिलेक्ट होतं, मग क्यू दाबलं की व्हिलेजर (सगळी कामं करणारा गावकरी) बनायला लागतो, आणि पूर्णविरामाचं बटण दाबलं की रिकामा बसलेला व्हिलेजर सापडतो. तुमच्याकडे बटणं वेगळी दिसली तर हॉटकीच्या मेन्यूत बघून घ्या. बाकीच्या हॉटकी हळूहळू बोटांत येतात.

पहिली दहा मिनिटं, इथेच सगळं आहे

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण खालच्या रेटिंगला मॅच लढाईत जिंकली जात नाही, ती इथे जिंकली जाते.

सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन व्हिलेजर, एक स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार), २०० फूड, २०० लाकूड, १०० गोल्ड आणि २०० दगड असतात. व्हिलेजर ५० फूडला पडतो आणि बनायला २५ सेकंद लागतात. म्हणजे हिशोब साधा आहे, टाउन सेंटर एक मिनिट रिकामं बसलं की तुमचे दोन-अडीच व्हिलेजर कमी झाले, आणि ते व्हिलेजर पुढचा अर्धा तास जे काम करणार होते तेही गेलं. मॅच सुरू झाल्या झाल्या पहिलं काम, एच आणि मग क्यू चार वेळा. मग दोन व्हिलेजरनी एक घर, तिसऱ्याने दुसरं घर. घर २५ लाकडाचं, त्यात पाच माणसं मावतात. घर वेळेवर नाही बांधलं की उत्पादन अडकतं आणि नवीन माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान यातच होतं, दर वेळी दोन माणसांची जागा उरली की नवीन घर, ही सवय लावून घ्या.

मग मेंढ्या. चार मेंढ्या टाउन सेंटरजवळ असतात, बाकीच्या चार स्काउट फिरवून शोधायच्या, दोन-दोनच्या जोडीने सापडतात. प्रत्येकीत १०० फूड. एका वेळी एकच मेंढी कापा आणि ती टाउन सेंटरला अगदी चिकटून कापा, व्हिलेजरला चालायला लागता कामा नये. मेंढ्यांवर सहा जण झाले की पुढचे तीन-चार लाकडाकडे, झाडांना खेटून लाकूड जमा करायचा लंबर कॅम्प, १०० लाकडाचा.

आता रानडुक्कर. नवीन लोक याला इतके घाबरतात की दोन्ही डुकरं तशीच सोडून देतात आणि मग फूड कुठून आणायचं म्हणून रडतात. एका डुकरात ३४० फूड असतं, म्हणजे जवळपास साडेतीन मेंढ्या. माझा भाचा पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याने पहिली पाच मिनिटं डुकराच्या जवळपासही कोणाला फिरकू दिलं नाही. मग आम्ही एक केलं, लॉबीत (मॅचआधी जमायच्या खोलीत) दोघांनीही एकच रंग निवडला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दोघांनी एक रंग घेतला की दोघांच्या हातात एकच राज्य येतं, तीच माणसं दोघंही हलवू शकतात. मी म्हटलं मेंढ्या मी बघतो, तू फक्त डुक्कर आण. त्याने एक व्हिलेजर पाठवला, डुकराला दोन बाण मारले, आणि ते अंगावर आलं तसा हा ओरडायला लागला, "मामा मागे लागलंय, मागे लागलंय, काय करू!" मी म्हटलं काही नको करूस, टाउन सेंटरवर क्लिक कर आणि पळत ये. व्हिलेजर पळत आला, डुक्कर त्याच्या पाठीला लागून आलं, टाउन सेंटरपाशी मेंढीवर बसलेल्या पाच जणांना मी डुकरावर सोडलं आणि तीन-चार सेकंदांत ते आडवं. पोरगं खुर्चीतून उठून नाचलं. दुसरं डुक्कर त्याने न विचारता आणलं.

तर पद्धत हीच. मेंढ्या संपत आल्या की एक व्हिलेजर पाठवा, दोन बाण, लगेच घराकडे पळ, मध्ये थांबायचं नाही, दुसऱ्या कशावर क्लिक करायचं नाही. साध्या व्हिलेजरचं आयुष्य २५ असतं, डुकराने तीन-चार धक्के दिले की संपला. भीती वाटत असेल तर आधी टाउन सेंटरमध्ये ५० गोल्डची लूम नावाची सुधारणा करून घ्या, त्याने आयुष्य १५ ने वाढतं. अनुभवी लोक लूम उशिरा करतात, तुम्ही खुशाल लवकर करा.

एकीकडे बेरीच्या झुडपांपाशी फूड जमा करायची मिल बांधून तिथे चार जण लावा. लोकसंख्या २५ च्या आसपास झाली, ५०० फूड साठलं आणि डार्क एजच्या (पहिल्या युगाच्या) दोन इमारती झाल्या (लंबर कॅम्प आणि मिल धरून) की फ्यूडल एजचं, म्हणजे दुसऱ्या युगाचं, बटण दाबा. हे गेमच्या घड्याळात दहाव्या मिनिटाच्या आत जमलं की तुम्ही नवशिक्यांमधल्या बऱ्याच जणांच्या पुढे गेलात असं समजा. हे घड्याळ खऱ्या वेळेच्या १.७ पट पळतं बरं का, म्हणजे मनगटावर सहाच मिनिटं झालेली असतात. रोज नुसती ही दहा मिनिटं कॉम्प्युटरसमोर खेळा, बंद करा, परत खेळा. चार दिवसांत फरक दिसतो.

सिव्ह एकच, प्लॅनही एकच

मी सगळ्या नवीन लोकांना फ्रँक्स देतो. त्यांना शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात, बेरी लवकर गोळा होतात आणि घोडेस्वारांचं आयुष्य २० टक्के जास्त असतं. प्लॅन असा, फ्यूडलला आलात की बेस नीट करा, एक-दोन भालेवाले ठेवा, शेतं वाढवा, ८०० फूड आणि २०० गोल्ड साठवून कॅसल एजला (तिसऱ्या युगात) जा, दोन स्टेबल (तबेले) बांधा आणि नाइट (चिलखती घोडेस्वार) काढत रहा. नाइट ६० फूड, ७५ गोल्ड. नाइट घेऊन समोरच्याच्या लाकूडतोड्यांवर तुटून पडा.

कोण कोणाला भारी पडतं त्याचं कोष्टक पाठ करत बसू नका. घोड्याला भाला, तिरंदाजाला स्कर्मिशर (लांबून भाले फेकणारा), स्कर्मिशरला घोडा, एवढं पुरे. समोरून भाल्यांचं अख्खं सैन्य आलं तर नाइट मागे घ्या आणि दुसऱ्या बाजूने शिरा, एवढंच. पहिल्या वीस मॅच सिव्ह बदलू नका. हरलात की वाटतं सिव्हचीच चूक आहे, पण त्या वेळी टाउन सेंटर किती मिनिटं रिकामं होतं ते बघा.

आता खरोखर ऑनलाइन

दोन दरवाजे आहेत. एक रँक्ड, तिथे बटण दाबलं की सिस्टीम समोरचा शोधून देते. दुसरा लॉबी, तिथे लोक आपापल्या खोल्या उघडून बसलेले असतात. लोकांना वाटतं रँक्ड म्हणजे कठीण आणि लॉबी म्हणजे टाइमपास. नवीन माणसासाठी नेमकं उलटं आहे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे! लॉबीत खोलीच्या नावात "फक्त नवशिके" लिहिलेलं असतं आणि आत गेलं की दहा वर्षं खेळलेला माणूस बसलेला असतो, ब्लॅक फॉरेस्ट नावाच्या मॅपवर तासभर भिंती बांधून शेवटी तुम्हाला चिरडतो. रँक्डमध्ये तसं नाही. तिथे सगळे १००० रेटिंगपासून सुरू करतात. १००० हे नवीन माणसासाठी जास्तच आहे, कारण तिथे असलेल्यांनी शेकडो मॅच खेळलेल्या असतात. म्हणून सुरुवातीला हरता, रेटिंग ९००, ८००, ७०० असं उतरतं आणि एका ठिकाणी थांबतं. तिथे समोरचाही घरं बांधायला विसरतो, त्याचंही डुक्कर व्हिलेजरला मारून टाकतं. तिथून मॅच बरोबरीच्या व्हायला लागतात. क्रमवारीच्या यादीत नाव यायलाच १० मॅच लागतात, तेव्हा त्या दहा मॅचकडे तपासणी म्हणून बघा, डॉक्टर औषध द्यायच्या आधी तपासतो ना तसं. आकडा उतरतोय म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

मॅप बहुतेक वेळा अरेबिया मिळेल, उघडं मैदान, लवकर हल्ला होतो. अरीना मिळाला तर चारी बाजूंनी दगडी भिंत असते, शांतपणे वाढायला वेळ मिळतो, नवीन माणसाला तो बरा पडतो. पाण्याचे मॅप सध्या बॅन करून टाका, जहाजांचं शास्त्र वेगळं आहे.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहानंतर बसलं की युरोपातली संध्याकाळ सुरू झालेली असते, मॅच पटकन मिळते.

तिथली बोली

मॅच सुरू होताना कोणी "जीएलएचएफ" लिहितं, म्हणजे तुला शुभेच्छा, मजा येऊ दे. तुम्हीही लिहा. हरताय हे कळलं की "जीजी" (गुड गेम) लिहून रिझाइन करायचं, न बोलता निघून जाणं चांगलं मानत नाहीत. पण एक आहे, नवीन माणूस फार लवकर रिझाइन करतो. सहा व्हिलेजर मेले म्हणजे मॅच गेली असं नाही, खालच्या रेटिंगला समोरचा हल्ला करताना स्वतःचा बेस विसरलेला असतो. टाउन सेंटर उभं असेपर्यंत खेळा.

मध्येच कोणी "११" लिहिलं तर चक्रावू नका. या गेममध्ये आकडा लिहिला की आवाज वाजतो, ११ म्हणजे हसणं. १४ म्हणजे गेम चालू कर आता. ३ ला फूड मागतात, ४ ला लाकूड, ५ ला गोल्ड, ६ ला दगड. ३० ला तो आपला वोलोलो, गेममधल्या साधूचा मंत्र. टीम गेममध्ये भाषा न येणारी चार देशांची माणसं नुसत्या या आकड्यांवर अख्खी मॅच खेळतात, मला याचं अजून अप्रूप वाटतं. कोणी शिवीगाळ केली तर नावावर क्लिक करून म्यूट करा, उत्तर देत बसू नका.

टीम गेममध्ये बाहेरच्या टोकांना जे असतात ते फ्लँक, त्यांच्यावर आधी हल्ला येतो. मधले ते पॉकेट. तुम्ही नवीन आहात हे सुरुवातीलाच सांगून टाका आणि पॉकेट मागून घ्या, लोक देतात.

मॅच हरल्यावर दहा मिनिटं

प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग आपोआप सेव्ह होतं. हरलेली मॅच उघडा, समोरच्याच्या नजरेने पहिली पंधरा मिनिटं बघा. तुम्हाला वाटलेलं असतं की त्याने काहीतरी जादू केली, आणि दिसतं की त्याचे ४० व्हिलेजर होते आणि तुमचे २६. एका मॅचमधून एकच चूक लिहून ठेवा आणि पुढच्या मॅचला फक्त तीच टाळा. यूट्यूबवर टी९०ऑफिशियल नावाचा कॉमेंटेटर आहे, त्याची लो एलो लेजंड्स (एलो म्हणजे रेटिंगच) ही मालिका बघा, खालच्या रेटिंगच्या साध्या लोकांच्या मॅच तो इतक्या प्रेमाने सांगतो की आपणही तिथेच आहोत याचं काही वाटेनासं होतं. हेरा किंवा द वायपरचे व्हिडिओ नंतर बघा, ती माणसं अव्वल आहेत आणि त्यांच्या हातांचा वेग बघून सुरुवातीला नुसतं दडपण येतं.

आणि जे आधीपासून खेळतायत त्यांना

ऑनलाइन मॅच जिथे व्हायच्या तो एमएसएन गेमिंग झोन २००६ मध्ये बंद झाला तेव्हा हा गेम संपायला हवा होता. नाही संपला, कारण लोकांनीच तो दुसऱ्या सर्व्हरवर नेला, वूब्लीवर नेला, एकमेकांना हात धरून आणलं. आपल्यालाही कोणीतरी नेटकॅफेत बाजूला बसून शिकवलं होतं. मग आता आपली पाळी आहे.

नवीन माणूस आणलात तर पहिल्याच दिवशी त्याला चार विरुद्ध चारमध्ये ढकलू नका. आधी एकाच रंगात बसा, मग दोघं मिळून कॉम्प्युटरविरुद्ध, मग एक विरुद्ध एक. एका मॅचमध्ये एकच गोष्ट सांगा. "घर बांध, लूम कर, स्काउट फिरव, तिकडे बघ" असं कानात ओरडत राहिलात तर समोरचा गप्प होतो आणि पुढच्या शनिवारी त्याला काम निघतं. आमच्या ग्रुपमध्ये असंच झालं होतं, एक चांगला पोरगा आमच्या ओरडण्यामुळे गेला आणि त्याची खंत मला आजही आहे. त्यानंतर आम्ही नियम केला, मॅच चालू असताना नवीन माणूस विचारेल तेवढंच सांगायचं, बाकीचं रेकॉर्डिंग बघताना.

आमचा हॉस्टेलचा ग्रुप आता पुणे, सांगली, दुबई आणि न्यू जर्सी असा पसरलाय. शनिवारी रात्री आपल्या साडेनऊला लॉबी उघडते, न्यू जर्सीवाल्याची तेव्हा दुपार असते आणि तो जेवणाचं ताट घेऊनच बसतो. तुम्हीही असं करा, वार आणि वेळ ठरवून टाका, "कधीतरी खेळू" म्हटलं की ते होत नाही. आठ जागांपैकी दोन नवीन लोकांसाठी कायम मोकळ्या ठेवा, ते आले नाहीत तर तिथे कॉम्प्युटर बसवा. भाच्याला आम्ही आता त्यातली एक जागा पक्की दिलीय, पॉकेटची. रेटिंग त्याचं ७४० आहे आणि दोन्ही डुकरं तो माझ्याआधी घरी आणतो.